खुणेप्रमाणे करा

तिघा भावंडांत भांडण नव्हतं, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

आत्या गेली तेव्हा तिच्यामागे सव्वा एकर जमीन, त्या जमिनीच्या मधोमध एक विहीर, विहिरीभोवती लिंबाची आणि पेरूची झाडं आणि तीन भाचरं एवढंच उरलं. मृत्युपत्र नव्हतं. जायच्या आधी आठवडाभर ती इतकंच म्हणाली होती, "तिघं सारखं वाटून घ्या, आणि माझ्या लिंबांना पाणी घालत जा." तीन भाचरं म्हणजे मोठी ताई, मधले बिनचूक आणि धाकटा. तिघंही साठीच्या आगेमागे आणि तिघंही अजून एकमेकांशी बोलत होती. बिनचूकांच्या गल्लीत ज्यांच्याकडे वाटण्यासारखं काही होतं अशी सात घरं होती, आणि त्यातल्या पाच घरांतली सख्खी भावंडं एकमेकांना पाहून रस्ता ओलांडत. आपण कुणाला पाहून रस्ता ओलांडत नाही, याचा बिनचूकांना मनातून फार अभिमान होता.

बिनचूक हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. तेहेतीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जाण्याआधी लाल पेन्सिल घेऊन त्यातल्या चुका पकडायच्या, हा त्यांचा धंदा. त्या तेहेतीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून एकही चूक निसटली नाही, असं छापखान्यात म्हणत; निदान ते स्वतः तरी तसं म्हणत. निवृत्त झाल्यावर पेन्सिल खिशात राहिली. इमारतीच्या सूचनाफलकावर, दवाखान्यातल्या पाटीवर, दुधाच्या पिशवीवर, जिथं अक्षर दिसेल तिथं ती फिरे. धाकट्यानं एकदा वसतिगृहातून दादाला पत्र पाठवलं होतं: इथं करमत नाही, घरी यावंसं वाटतं. परतीच्या टपालानं तेच पत्र नऊ दुरुस्त्यांसह त्याच्याकडे परत आलं. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली, पण धाकट्यानं दादाला दुसरं पत्र लिहिलं नाही. तो फोन करतो.

वाटणीचा बेत साधा होता. धाकटा म्हणाला, "एक रविवार काढू, लांब दोरी नेऊ, मोजू आणि दगड लावून मोकळे होऊ." ताई म्हणाली, "मी थर्मासमधून चहा आणते." एवढं ठरलं आणि तेवढ्यात शेजारचे विमावाले आले.

विमावाल्यांनी उभी हयात लोकांना विमे विकले होते. समोरच्या माणसाचं उद्या काय वाईट होणार आहे हे त्याला आजच सांगायची त्यांची सवय गेली नव्हती. दोरीचा बेत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आज बोलताहात. उद्या?"

"उद्याही बोलू," बिनचूक म्हणाले.

"तुम्ही बोलाल हो. तुमची मुलं? मुलांची मुलं? दोरी एका बाजूनं सैल धरली म्हणून डोकी फुटलेली पाहिलीत मी. कोर्टातून करून घ्या. कोर्टाचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा कुणाची बोलायची टाप नाही."

पुन्हा कुणी बोलणार नाही, हे त्यांचं भाकीत पुढं वेगळ्याच अर्थानं खरं ठरलं. पण त्या दिवशी बिनचूकांना 'कागद' हा शब्द भावला. दोरी सैल पडते, कागद तपासता येतो. त्यांनी दोघांना फोन करून सांगितलं आणि दोघांनीही 'बरं' म्हटलं. दादाशी वाद घालणं म्हणजे उच्चार सुधारून घेणं, हे दोघांना अनुभवानं माहीत होतं.

वकिलांनी टोपण काढून पेन हातात धरलं आणि विचारलं, "भांडण काय आहे?"

"भांडण नाही."

वकिलांनी टोपण परत लावलं. "मग दावा कसला करायचा? दाव्याला कारण लागतं. एक वादी, बाकीचे प्रतिवादी. वादीनं काहीतरी मागायचं आणि प्रतिवादींनी ते द्यायला नको म्हणायचं."

"ती दोघं नको म्हणत नाहीत."

"म्हणत नसतील. आपण लिहायचं." वकिलांनी एक जुना मसुदा काढून त्यातलं वाक्य वाचून दाखवलं: 'प्रतिवादींनी वाटणी करून देण्यास वेळोवेळी टाळाटाळ केली.' "हे सगळ्यांच्या दाव्यात असतं. याच्याशिवाय खिडकीवरून आत घेत नाहीत."

"पण ते खरं नाही."

"खरं आहे असं मी कुठं म्हणतोय? मसुदा म्हणतोय."

बिनचूकांनी वाक्य दोनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ ठीक होतं, विभक्ती ठीक होती, पूर्णविराम जागच्या जागी होता. वाक्यात चूक नाही म्हटल्यावर त्याला हरकत कशी घ्यायची ते त्यांना सुचेना. त्यांनी मान डोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा वादी झाले.

वकिलांचे कागद टाइप करायला जिन्याखाली बाई होत्या. कोर्टाच्या इमारतीचा दगडी जिना जिथं वळतो तिथं त्याच्या पोटात त्यांचं टेबल, त्यांचा कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल एवढं कसंबसं मावलं होतं. स्टुलाच्या बरोबर वर जिन्याची कड होती. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला बाई 'या' म्हणण्याऐवजी "डोकं!" म्हणत. कीबोर्डवरची अक्षरं झिजून पार गेलेली, पण बाई बोटांकडे बघतच नसत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत टाइप करत. इमारतीतले सात-आठ वकील त्यांच्याकडेच काम देत.

पहिली प्रत हातात आली आणि बिनचूकांच्या अंगात तेहेतीस वर्षं परत शिरली. दोन पानांत एकोणीस खुणा झाल्या. पानाच्या कडेचा समास लाल झाला.

"काका, ही अळी कसली?" बाईंनी एका खुणेवर बोट ठेवलं.

"अळी?" बिनचूक दुखावले. "ती 'काढून टाका'ची खूण आहे. जगभर चालते."

मग त्यांनी अर्धा तास बाईंना खुणा शिकवल्या. मागं लोक खोळंबले होते. बाई निमूटपणे ऐकत होत्या आणि मधूनमधून स्टुलापाशी येणाऱ्यांना "डोकं!" म्हणत होत्या.

आता त्या एकोणीस खुणांपैकी एका खुणेकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावं. जिच्यासाठी दावा करायचा त्या जमिनीला कोर्टाच्या भाषेत 'दावा मिळकत' म्हणतात. बाईंच्या हातून तिथं 'दावे मिळकतीचे' असं पडलं होतं. बिनचूकांनी 'दावे'ची मात्रा उडवली आणि समासात काना दिला. इथवर सगळं रास्त होतं. पण बिनचूकांच्या खुणेला शेपूट लांब असे. छापखान्यातले खिळे जुळवणारे या शेपटाला सरावलेले होते. शेपूट कुठंही जावो, खूण डोक्यापाशी वाचायची हे त्यांना ठाऊक होतं. या खेपेला शेपूट खालच्या ओळीत उतरलं आणि थेट 'तीन वाटे करून मिळावेत' यातल्या 'वाटे'ची मात्रा छेदून थांबलं.

"काका, ही खूण वरच्या शब्दाला आहे का खालच्या पण—"

"खूण केली आहे ना?" बिनचूकांच्या डोक्यात अजून ती अळी वळवळत होती. "मग खुणेप्रमाणे करा."

"तसं नाही, खाली तर—"

"बाई, खुणेप्रमाणे करा."

बाईंनी खुणेप्रमाणे केलं. दुसऱ्या प्रतीत ओळ आली: 'दावा मिळकतीचे समान तीन वाटा करून मिळावेत.'

बिनचूकांची नजर त्या ओळीवर अडखळली आणि त्यांना मनापासून आनंद झाला. इथं काहीतरी खटकत होतं! 'वाटा', अनेकवचन. तीन वाटा. म्हणजे मूळ शब्द 'वाट', आणि वाट स्त्रीलिंगी. मग 'मिळकतीचे' कसं चालेल? 'मिळकतीच्या' हवं. आणि 'मिळावेत' नव्हे, 'मिळाव्यात'. त्यांनी दोन्ही ठिकाणी पेन्सिल चालवली आणि घरी जाऊन बायकोला ती ओळ वाचून दाखवली.

"एका ओळीत दोन. लिंगाच्या. कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "तीन वाटा कशाला हो? जायला एक पुरत नाही?"

"तू अर्थात शिरू नकोस," बिनचूक म्हणाले. "मुद्रितशोधकानं अर्थात शिरायचं नसतं. अर्थात शिरला की अक्षर निसटतं." हे त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं होतं.

तिसरी प्रत निर्दोष आली. 'दावा मिळकतीच्या समान तीन वाटा करून मिळाव्यात.' बिनचूकांनी खाली झोकात सही केली.

खिडकीवरच्या कारकुनानं दावा चार दिवसांनी परत केला. मृत्यूच्या दाखल्यावर आत्याच्या नावात एक अनुस्वार कमी होता. कारकुनाचं म्हणणं असं की कागदोपत्री या दोन वेगळ्या बाया आहेत. एक अनुस्वार असलेली. ती जमिनीची मालक आहे आणि जिवंत आहे. दुसरी अनुस्वार नसलेली. ती वारली आहे, पण तिच्याकडे जमीन नाही. जिची जमीन आहे ती मेलेली नाही आणि जी मेली आहे तिच्याकडे वाटायला काही नाही, तेव्हा दावा कशाचा? वकील वैतागले. बिनचूकांना मात्र तो कारकून फार आवडला. असा माणूस आपल्या छापखान्यात हवा होता, असं त्यांनी त्याला बोलूनही दाखवलं. दोन्ही आत्या एकच आहेत असं शपथेवर लिहून देणारं प्रतिज्ञापत्र करण्यात चार महिने गेले. तेवढ्या काळात त्या अनुस्वाराचा त्यांना एकदाही राग आला नाही.

मग समन्स निघालं.

कोर्टाचा बेलीफ ताईच्या घरी गेला तेव्हा ताई चष्म्याचा नंबर तपासायला गेली होती. त्यानं नियमाप्रमाणे समन्स आणि दाव्याची प्रत दारावर चिकटवली. ताई परत आली तेव्हा दारापाशी तीन शेजारणी जमल्या होत्या. तिघींतल्या एकीला कमी ऐकू यायचं, म्हणून दुसरी मोठ्यानं वाचत होती आणि 'टाळाटाळ' या शब्दापाशी पोचली होती.

दहा मिनिटांत बिनचूकांचा फोन वाजला.

"मी टाळाटाळ केली? मी?"

"ताई, ते फक्त मसुद्यात असतं."

"मी चहा आणणार होते! थर्मास धुऊन पुसून ठेवला होता मी!"

"अगं, सगळ्यांच्याच दाव्यात ते वाक्य..."

"आणि वेळोवेळी म्हणजे किती वेळा रे? तूच सांग. तू तर मोजून सांगणारा माणूस आहेस. ते वाक्य तू वाचलंस की नाही सही करताना?"

"वाचलं."

"आणि?"

"त्यात चूक नव्हती," बिनचूक म्हणाले, आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर ताईचे फोन बिनचूकांच्या बायकोला येऊ लागले. बिनचूकांनी उचलला तर पलीकडून आवाज येई, "प्रतिवादी क्रमांक एक बोलतेय. वहिनीला दे." धाकट्यानं आधी सगळं हसण्यावारी नेलं. पण त्याच्या कचेरीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं की प्रतिवादीनं आपला वकील नाही केला तर हात चोळत बसावं लागतं. त्यानं वकील केला. त्या वकिलानं रिवाजाप्रमाणे उत्तर दाखल केलं: 'दाव्यातील संपूर्ण मजकूर प्रतिवादी क्रमांक दोन यांस नाकबूल आहे.' संपूर्ण मजकुरात पहिलंच वाक्य असं होतं की वादी हा प्रतिवादीचा सख्खा भाऊ आहे.

बिनचूकांनी ते उत्तर तीनदा वाचलं. त्यातही चूक नव्हती. या खेपेला मात्र ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी बाजारात समोरून धाकटा येताना दिसला आणि आपण कधी रस्ता ओलांडला ते बिनचूकांना पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर कळलं.

न्यायाधीशबाईंनी पहिल्याच तारखेला तिघांना पुढं बोलावलं. "जमीन तिघांत सारखी व्हावी याला कुणाची हरकत आहे?"

कुणाचीच नव्हती.

"मग तुम्ही इथं का आलात?"

ताईनं छताकडे पाहिलं, धाकट्यानं आपल्या वकिलाकडे आणि बिनचूकांनी स्वतःच्या बुटांकडे. न्यायाधीशबाईंनी सुस्कारा सोडून "दाव्यात मागितल्याप्रमाणे हुकूम" असं सांगितलं आणि पुढचा पुकारा झाला.

मागितल्याप्रमाणे हुकूम झाला आणि हुकमाप्रमाणे मोजणीदार आला. तो उन्हाची टोपी घातलेला, अतिशय सभ्य आणि लिहिल्याबाहेर श्वासही न घेणारा माणूस होता. सोबत टेप, खुंट्या आणि पांढऱ्या भुकटीची गोणी. तिन्ही भावंडं चांगले कपडे घालून आली होती आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी होती. ताईनं थर्मास आणला नव्हता.

मोजणीदारानं विहिरीपासून सुरुवात केली. विहिरीच्या काठापासून उत्तरेच्या हद्दीपर्यंत त्यानं दोन समांतर पांढऱ्या रेघा ओढल्या, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा ठेवून. मग पुन्हा विहिरीपाशी येऊन एका बाजूला तशाच दोन. मग दुसऱ्या बाजूला तशाच दोन. खुंट्या ठोकल्या, हात झटकले आणि सह्यांसाठी कागद पुढं केला.

"आमचे वाटे कुठं आहेत?" धाकट्यानं विचारलं.

"वाटे?" मोजणीदारानं कागदात पाहिलं. "हुकमात वाटे नाहीत. वाटा आहेत. तीन. या बघा. कुठून कुठं ते लिहिलेलं नाही, म्हणून पाण्यापासून हद्दीपर्यंत धरल्या. रुंदी लिहिलेली नाही, म्हणून गाडीची धरली. समान लिहिलंय, म्हणून तिन्ही समान."

"आणि बाकीची जमीन?"

"मधून तीन वाटा निघाल्या की जमिनीचे तीन तुकडे पडतातच. जवळजवळ सारखे पडलेत. पण ते हुकमात नाहीत, तेव्हा मी ते पाहिलेले नाहीत."

हुकूम हातोहात फिरला. ताईनं नव्या चष्म्यातून वाचला. धाकट्यानं वाचला, पुन्हा वाचला, "लागली वाट," म्हणाला आणि विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसू लागला. शेवटी कागद बिनचूकांकडे आला. 'तीन वाटा करून द्याव्यात.' द्याव्यात! लिंग, वचन, सगळं त्यांनी जुळवून दिलं होतं तसंच होतं. कोर्टानं त्यांची दुरुस्ती जशीच्या तशी उचलली होती.

त्या क्षणी त्यांना ते शेपूट आठवलं. पेन्सिल वरच्या ओळीतून खाली घसरली होती ती स्पष्ट दिसली, बाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य ऐकू आलं, आणि लाजेनं त्यांचे कान तापले.

धाकट्यानं दादाच्याच वकिलांना फोन लावला होता. वकिलांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "ती जिन्याखालची! 'वाटे'चं 'वाटा' केलंन्! आजपासून तिच्याकडचं काम बंद. बाकीच्यांनाही सांगतो. काळजी करू नका, दुरुस्तीचा अर्ज टाकू."

"काय दादा, असंच झालं असणार ना?" धाकट्यानं विचारलं. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा त्यांना दादा म्हणाला होता.

"हं," बिनचूक म्हणाले.

'हं' या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. तरीही घरी पोचेपर्यंत त्यांनी तो मनात दहा वेळा तपासला. घरी बायकोला सगळं सांगितलं, शेपटाचंही. तिनं "मी म्हटलं होतं" असं म्हणायला हवं होतं, निदान बिनचूक त्या तयारीनं बसले होते. तिनं नुसतं विचारलं, "मग त्या बाईंचं काय झालं?"

दुरुस्तीच्या अर्जाला वादीचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, चूक कशी झाली ते शपथेवर सांगणारं. प्रतिवादींच्याही सह्या हव्या होत्या. म्हणून ठरल्या दिवशी तिन्ही भावंडं कोर्टात आली. "प्रतिज्ञापत्र जिन्याखाली तयार आहे," वकील म्हणाले. "तिच्याकडचं शेवटचं काम. तिची चूक, म्हणून तिलाच करायला लावलं."

"डोकं!" बाई म्हणाल्या. स्टुलामागं रांग नव्हती. कीबोर्डवर त्यांनी फडका टाकला होता आणि टेबलाखाली एक पिशवी भरून ठेवली होती. "तपासून घ्या, काका."

बिनचूकांनी लाल पेन्सिल काढली आणि सवयीनं पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. काना, मात्रा, वेलांटी, उकार. पान संपलं आणि पेन्सिल कुठंच टेकली नव्हती. एकही चूक नव्हती. 'सदर चूक ही टंकलेखिकेच्या नजरचुकीने झालेली आहे.' चूक दीर्घ, नजरचुकीने ऱ्हस्व, अगदी नियमाप्रमाणे.

"हे तुम्ही स्वतः टाइप केलंत?" त्यांनी विचारलं.

"आलेलं काम करायचं, काका. खुणेप्रमाणे."

बिनचूकांनी पुन्हा पान वाचलं. या खेपेला ते अर्थात शिरले. अर्थ सोडून त्या पानात सगळं बरोबर होतं.

"माझ्या खुणांचा तो पहिला कागद..." ते हळूच म्हणाले.

"आहे माझ्याकडे. मी सगळ्यांचेच ठेवते."

"मग वकिलांना का नाही दाखवलात?"

"दाखवला असता तर म्हणाले असते, गिऱ्हाइकाचे कागद चारचौघांत काढते. असलेलं कामही गेलं असतं." त्यांनी फडका नीट केला. "नाही दाखवला, तरी गेलंच."

बिनचूक ताडकन उठले आणि जिन्याची कड त्यांच्या टाळूत बसली. डोकं चोळत ते पुन्हा खाली बसले. ताई आणि धाकटा वाकून बघत होती. वकीलही फाइल घेऊन आले. बिनचूकांनी पान मांडीवर घेतलं आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत उडवली. ओळीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि पान आधी ताईच्या हातात दिलं.

ताईनं वाचलं. "अरे, तुझ्या हातून?"

"माझ्या हातून. त्या विचारत होत्या. मी बोलू दिलं नाही."

तिनं पान धाकट्याकडे दिलं. "चला," ती म्हणाली, "निदान सांगायला टाळाटाळ नाही केलीस."

धाकटा फिस्सकन हसला आणि मग तीही हसली. हसू ओसरल्यावर धाकटा म्हणाला, "त्या पांढऱ्या रेघा राहू देत हं दादा. वाटे होऊ देत, पण वाटाही असू देत. तिघांनाही विहिरीपर्यंत जाता येईल. नाहीतर आत्याच्या लिंबांना पाणी कोण घालणार?"

वकिलांनी पान घेतलं, वाचलं आणि घसा खाकरला. बाईंकडे न बघता त्यांनी फाइलमधले दोन मसुदे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. बाईंनी ते उचलले आणि कीबोर्डवरचा फडका काढला.

"हे पेननं पक्कं करावं लागेल," वकील बिनचूकांना म्हणाले. "आणि कोर्टाच्या कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही लागते. खाडाखोड करणाऱ्याची."

मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात छापत नाहीत. तेहेतीस वर्षांत बिनचूकांनी लाखो खुणा केल्या होत्या, आणि एकाही खुणेखाली त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी वकिलांचं पेन घेतलं, लाल अक्षरांवरून ते गिरवलं आणि शेजारी पूर्ण नावानं सही केली. मग पान बाईंपुढं सरकवलं.

"आता तुम्ही तपासा," ते म्हणाले.

बाईंनी ओळीवरून बोट फिरवत वाचलं, 'ही चुक वादीची स्वतःची आहे.' त्या थांबल्या. त्यांनी वर पाहिलं.

"काका, 'चू' दीर्घ."

बिनचूकांनी वाकून पाहिलं. ऱ्हस्व होता. त्यांनी स्वतः लिहिला होता, स्वतः गिरवला होता आणि त्याच्या शेजारी सही केली होती. बाईंनी त्यांच्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि समासात, शेपूट मुळीच न ओढता, दीर्घ उकाराची खूण केली.